रजा, सुटी आणि खाडा



चालकांचे बोलावणे आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही पगार, बोनस आणि संप यांवर बोलू. तीसएक वर्षे आम्ही हेच दळण दळीत आलो आहोत. परंतु विषय कळवायची वेळ आली तेव्हा आम्ही लिहिले : ‘उन्हाळ्याच्या आरंभीची मौज आणि एका दिवसाची सहल.’ चालक थोडे बुचकळ्यात पडले. युनियनच्या माणसाला हे काय सुचले, असे त्यांना वाटले असेल. परंतु आमचे म्हणणे असे की मौज हासुद्धा युनियनचाच विषय आहे. तो कसा, ते आज आपल्यापुढे मांडावे असा विचार आहे.

आधी मौजेबद्दल बोलू. चैत्र-वैशाखातले आपले वैजापूर ज्याने पाहिले नाही त्याला उन्हाळा म्हणजे केवळ घाम आणि टँकर असे वाटते. ते दोन्ही आहेतच. पाण्याचे हाल आपल्या तालुक्याने काही थोडे भोगले नाहीत. परंतु उन्हाळ्याला आरंभ आणि अखेर अशी दोन तोंडे असतात. अखेरीचे तोंड भाजून काढते. आरंभीचे मात्र गोड असते. पाडव्याला कडुनिंबाला मोहर आलेला असतो आणि पहाटे त्याचा कडुगोड वास गल्लीगल्लीतून फिरतो. बहाव्याला पिवळे झुबके लागू लागतात. बाजारात कैरी येते आणि घरोघर पन्हे होते. हरभऱ्याची डाळ वाटून तिच्यात कैरी किसतात. नव्या माठातल्या पाण्याला मातीचा वास असतो. रसवंतीच्या चरकाला बांधलेली घुंगरे दुपारपासून वाजू लागतात. उन्हाळी कांद्याच्या गाड्या रस्त्याने धावतात. आणि दिवस मावळला की असा एक वारा सुटतो की माणूस आपोआप ओट्यावर, गच्चीवर, नाही तर नारंगीच्या बाजूला पाय मोकळे करायला निघतो. ही संध्याकाळ फुकट आहे. तिला तिकीट नाही.

एक दिवस हाताशी असला तर कुठे जावे, हेही आपल्याला शोधत बसावे लागत नाही. शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आपल्याच तालुक्यात आहे. गोदावरीच्या पात्रात सराला बेट आहे. रोटेगावला गाडीत बसले की दौलताबादला उतरता येते आणि देवगिरी किल्ला समोर उभा असतो. पुढे शहरात गेले तर पाणचक्की आहे. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर तिथे धान्य दळीत. भर उन्हाळ्यात त्या हौदाकाठी, त्या जुन्या वडाखाली बसावे आणि विचार करावा की जिथे पाण्याने जाते फिरवले तिथे किती बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला असेल. खुलताबादच्या भद्रा मारुतीला हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री हजारो माणसे शहरातून चालत जातात. रात्रीच्या गारव्यात चालायचे आणि पहाटे दर्शन घ्यायचे, ही आपल्या लोकांची जुनी सहलच आहे. तिथून वर म्हैसमाळचे पठार आहे. पलीकडे नांदूर मधमेश्वरचे पाणपक्ष्यांचे अभयारण्य आहे. थंडीतले पाहुणे पक्षी एव्हाना परतलेले असतात, परंतु घरचे पक्षी असतात.

आणि वेरूळ आहे. वेरूळबद्दल पुढे बोलणारच आहोत. एवढेच आता सांगून ठेवतो की वेरूळची लेणी दर मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची दर सोमवारी. हजार वर्षांहून जुन्या दगडाला आठवड्याची सुटी आहे. आमच्या युनियनमध्ये अशी माणसे आहेत की ज्यांना ती नाही. आमचा विषय इथून सुरू होतो.

आपल्या भाषेत कामावर न जाण्याच्या दिवसाला तीन शब्द आहेत. कचेरीतला मनुष्य एक दिवस कामावर गेला नाही तर ती ‘रजा’. ती अर्ज करून मिळते आणि तिचा पगार मिळतो. कारखान्यातल्या कायम कामगाराला आठवड्यातून एकदा मिळते ती ‘सुटी’. आणि रोजावरचा गडी, ठेकेदाराचा माणूस, ऊसतोडीला गेलेले जोडपे एक दिवस बसले तर तो ‘खाडा’. खाड्याचा पैसा मिळत नाहीच. ऊसतोडीत तर खाडा धरून उलट पैसे कापून घेतात. थकवा तिघांचा एकच, ऊन एकच, लागणारी विश्रांती एकच. परंतु पहिल्याला ती हक्क म्हणून मिळते, दुसऱ्याला नियम म्हणून, आणि तिसऱ्याला ती गुन्हा म्हणून भोगावी लागते. चौथी एक व्यक्ती आहे, ती घरात असते. तिच्या न-कामाच्या दिवसाला आपल्या भाषेत शब्दच नाही, कारण तसा दिवसच नाही. तिच्याकडे आम्ही शेवटी येऊ.

आता कोणी म्हणेल, सुटी ही काय मोठी गोष्ट आहे? रविवार तर जगाच्या आरंभापासून आहे. रविवार हा वार जुना आहे, हे खरे. आपल्याकडे तो खंडोबाचा वार. परंतु रविवारची सुटी ही जुनी गोष्ट नव्हे. ती मराठी माणसांनी मुंबईत मागून, भांडून घेतलेली आहे आणि तिला एक तारीख आहे.

आपण आज ज्या प्रकारच्या मालेत बसलो आहोत, ती वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सुशिक्षितांनी एकत्र यावे आणि चार विचार ऐकावेत, ही कल्पना. त्याच १८७५ साली मुंबईच्या गिरण्यांतील कामाच्या चौकशीसाठी पहिले कमिशन नेमले गेले. पुण्यात व्याख्यान ऐकायला मंडळी जमत तेव्हा मुंबईचा गिरणी कामगार काय करीत होता? तो साच्यावर उभा होता. त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. कामाची वेळ घड्याळ ठरवीत नसे, सूर्य ठरवी. उजाडले की भोंगा, अंधारले की सुटका. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून काम थोडे कमी. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम मोठे, तेरा-चौदा तासांपर्यंत जाणारे. चैत्रात दिवस वाढत असतो, संध्याकाळ लांबते, म्हणून आपल्याला आनंद होतो. त्या कामगाराला त्याच कारणाने धास्ती वाटे. त्याची लांबलेली संध्याकाळ मालकाची होती.

आठवड्याची सुटी म्हणून काही नव्हते. सणावारांना गिरणी बंद राही तेवढीच. कुठे रविवारी यंत्र थांबले तरी साफसफाईसाठी अर्धा दिवस यावे लागे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला तो मुलांपुरता. सात वर्षांच्या आतल्या मुलास कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये आणि त्याला महिन्याला चार सुट्या द्याव्यात, असे त्यात होते. मोठ्या माणसाला काहीच नव्हते.

या अंधारात एक माणूस उभा राहिला. नारायण मेघाजी लोखंडे त्याचे नाव. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. पोस्टात आणि रेल्वेत नोकरी केल्यानंतर हा मनुष्य मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाला आणि तिथे त्याने कामगाराचे जिणे डोळ्यांनी पाहिले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा कार्यकर्ता. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ साली काढलेले ‘दीनबंधु’ पत्र लोखंड्यांनी १८८० पासून मुंबईत चालवले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि पाच हजार पाचशे कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या अशा : रविवारी पुरी सुटी असावी; दुपारी अर्धा तास विसावा मिळावा; काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे; मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा; कामात जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. आम्ही हा अर्ज प्रथम वाचला तेव्हा आम्हांला नवल वाटले ते मागण्यांच्या क्रमाचे नव्हे, तर त्यांच्या लहानपणाचे. अर्धा तास! दुपारच्या भाकरीला अर्धा तास मागायला साडेपाच हजार माणसांना सह्या-अंगठे करावे लागले.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० या दिवशी मुंबईत महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली. दिवस नीट पाहा. एप्रिलची २४, म्हणजे हेच ऊन, हाच घाम. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १८९० साली, भर सभेत, गिरणीतल्या बाया उभ्या राहून बोलल्या! आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुटी आली. त्या सभेनंतर एका आठवड्याने, १ मे १८९० रोजी, जगभरच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी पहिला मे दिन पाळला. महालक्ष्मीची सभा आणि युरोपातल्या मिरवणुका यांचा एकमेकींशी पत्रव्यवहार नव्हता. परंतु तहान सारखी असली की माणसे सारख्याच वेळी विहिरीकडे निघतात.

लोखंडे पुढे १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेले. २००५ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. आमची अशी विनंती आहे की पुढच्या रविवारी सकाळी आपण दुसरा चहा घेत ओट्यावर बसाल तेव्हा या माणसाची एकदा आठवण करावी.

या आपल्या भागाचा इतिहास थोडा निराळा आहे, तोही सांगू. आपण निजामी मुलखातले. इथे कचेऱ्यांची सुटी शुक्रवारी असे. रविवार आपल्याकडे १९४८ च्या मुक्तीनंतर आला. आणि कुणब्याला तर ना शुक्रवार ना रविवार. परंतु कित्येक गावांत सोमवारी औत धरायचे नाही अशी रीत होती, आणि पोळ्याला तर बैलाच्या मानेवर जू ठेवणे हे पाप. म्हणजे आपल्या लोकांना विश्रांतीचा विचार परका नव्हता. बैलाची सुटी धर्माने सांभाळली. माणसाची सुटी मात्र कायद्याने सांभाळावी लागली, कारण बैल मेला तर मालकाचे नुकसान होते आणि मजूर मेला तर दुसरा मिळतो.

कायद्याची वाट पुढे लांब आहे. ती थोडक्यात सांगतो. आठवड्याच्या विश्रांतीचा आंतरराष्ट्रीय करार १९२१ साली झाला, हिंदुस्थानने तो १९२३ साली मान्य केला. कामाचा आठवडा १९२२ साली साठ तासांचा झाला, १९३४ साली चोपन्नचा आणि १९४६ साली अठ्ठेचाळीसचा. फ्रान्समध्ये १९३६ साली मोठ्या संपानंतर कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि त्या उन्हाळ्यात, स्वस्त केलेल्या रेल्वे तिकिटांवर, हजारो माणसांनी जन्मात प्रथमच समुद्र पाहिला. आपल्याकडे २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवायला मोकळीक दिली, परंतु दुकानातल्या माणसाला आठवड्यात चोवीस तासांची सलग सुटी दिलीच पाहिजे असेही सांगितले. दुकान अखंड चालेल, माणूस अखंड चालणार नाही, असा तो हिशेब आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतल्या कित्येक कलमांशी आमचे भांडण आहे, ते भांडण इथे आणीत नाही. परंतु आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम घेता येणार नाही, हे तत्त्व त्यांनाही ठेवावे लागले.

मग अडले कुठे? अडले ते असे की सुटी कागदावर सर्वांची आहे आणि तिचा पैसा काहींचाच आहे. या ठिकाणी आम्ही आपल्याला एक आकडा सांगतो. तरुण मंडळींनी तो लिहून घ्यावा. तो आकडा २६. महाराष्ट्रात किमान वेतनाचा रोज काढताना महिन्याच्या वेतनाला ३० ने भागत नाहीत, २६ ने भागतात. का? कारण महिन्यात साधारण चार सुट्या येतात आणि त्या चार दिवसांचा पगार रोजातच मिळवलेला असतो. म्हणजे २६ ने भागून रोज मिळाला तर रविवारी घरी बसलेल्या माणसाचे काही बुडत नाही. परंतु ठेकेदाराने ३० ने भागले आणि वर सुटीचा पैसाही दिला नाही, तर त्याने महिन्याला चार दिवस गिळले. असा मनुष्य सुटी घेत नाही. तो सातही दिवस येतो, पाळीवर पाळी करतो आणि वर म्हणतो, ‘मला सुटी नको.’ हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. सुटी नको असे माणूस हौसेने म्हणत नाही.

आता आमच्याच घरची गोष्ट. तीत दोष आमचाच आहे, म्हणून ती सांगायला संकोच नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही युनियनतर्फे चैत्रात वेरूळची सहल काढली. आपल्या भागातली पुष्कळ मुले वाळूजच्या वसाहतीत कामाला जातात. सहल त्यांच्यासाठी, कुटुंबासह. दोन बसगाड्या ठरवल्या. भाडे युनियनचे. आम्हांला वाटले, जागा पुरणार नाही. सकाळी पाहतो तर एक गाडी अर्धी रिकामी. कायम कामगार सगळे आले होते. ठेक्यावरचे जवळजवळ कोणीच नाही. आम्ही रागावलो. दुसऱ्या दिवशी एका पोराला गाठून विचारले, “फुकटची सहल होती, का आला नाहीस?” तो म्हणाला, “भाऊ, गाडीचं भाडं तुम्ही भरलं. माझ्या रोजाचं भाडं कोण भरील?” आम्ही ज्या दिवसाला सुटी म्हणत होतो, तो त्याच्या वहीत खाडा होता. हे आम्हांला, युनियनच्या माणसांना, त्या दिवशी कळले.

दुसरा धडा सहलीतच मिळाला होता. कैलास लेण्यापुढे आम्ही मोठे भाषण केले. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात हा डोंगर वरून खाली कोरीत आणला. एका जुन्या ताम्रपटात लिहिले आहे की हे काम करणाऱ्या शिल्पकारालाच नवल वाटले, की हे आपल्या हातून झाले कसे. आणि पाहा, त्यात राजाचे नाव आहे, शिल्पकाराचे नाही! पुरुष मंडळींनी टाळ्या दिल्या. पलीकडे झाडाच्या सावलीत बायका बसल्या होत्या. काही बसल्या जागी डुलक्या घेत होत्या. आम्ही जवळ जाऊन म्हटले, “ताई, इतक्या लांब येऊन लेणी नाही पाहायची?” त्यांतली एक म्हणाली, “भाऊ, रात्री तीनला उठलो. चाळीस माणसांच्या पोळ्या, दशम्या, ठेचा, लेकरांचं आवरणं. घरी गेलं की भांडी आहेत. तुमची सुटी आमच्या अंगावर आली.”

बंधुभगिनींनो, ज्याचे नाव ताम्रपटात नाही त्या शिल्पकारासाठी आम्ही गळा काढीत होतो, आणि ज्यांनी आमच्या पोळ्या केल्या त्यांची नावे आम्हांला त्या क्षणी माहीत नव्हती. ‘अमक्याची मंडळी’ एवढेच आम्ही त्यांना ओळखत होतो.

आणि ती एकट्या सहलीची गोष्ट नाही. उन्हाळ्याचा आरंभ आपल्याला मौजेचा वाटतो. घरातल्या बाईला तो वर्षातला सर्वांत कष्टाचा हंगाम असतो. कुरडया, शेवया, पापड, सांडगे, वर्षाचे तिखट, धान्याला ऊन दाखवणे, शिवाय मुलांना सुटी लागली म्हणून घर भरलेले. पाहुणे येतात ते याच दिवसांत. आपण खातो ती कुरडई कोणाच्या तरी न झोपलेल्या पहाटेची असते. १८९० च्या सभेत दोन बायका उभ्या राहून काय बोलल्या असतील, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो. त्या मिळवून देत होत्या तो रविवार त्यांना स्वतःला मिळाला का? गिरणीचा मिळाला असेल. चुलीचा मिळाला नसेल.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा सहल काढली. या वेळी दोन ठराव आधी केले. पहिला, ठेक्यावरच्या सभासदांचा बुडालेला रोज युनियनच्या निधीतून भरायचा. निधी मोठा नव्हता, म्हणून दोनऐवजी एकच बस केली. दुसरा, जेवण पुरुषांनी करायचे. आदल्या रात्री आमच्या कचेरीच्या अंगणात पिठल्याचे पातेले चढवले. पिठले खाली लागले, भाकऱ्या कोणाच्या जाड, कोणाच्या करपलेल्या. एकाने तर मीठ दोनदा घातले. दुसऱ्या दिवशी ते सगळे बायकांनी हसत हसत खाल्ले. आणि त्यांनी लेणी पाहिली. दहाव्या लेण्याला लोक ‘सुताराचे झोपडे’ म्हणतात, कारण त्या दगडी छताला लाकडी कमानींसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. बुद्धाच्या मूर्तीलाच विश्वकर्मा समजून सुतार लोक तिथे नमस्काराला येत. कामाच्या हत्यारांचा देव पाहायला कारागीर यायचे! त्या लेण्यात आवाज घुमतो. एका म्हाताऱ्या आजीने तिथे जात्यावरची ओवी म्हटली. ती संपल्यावरही दगड काही क्षण गात राहिला. सगळे गप्प होते. आमच्या तीस वर्षांच्या कामात पगारवाढीचे करार पुष्कळ झाले. त्यांची कलमे आम्ही विसरलो, ती ओवी विसरलो नाही.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच आहे की मौज ही चैन नव्हे. पोटभर झोप, मुलाबाळांबरोबर एक दिवस, गारव्यातली एक संध्याकाळ यांच्यावाचून मनुष्य केवळ औत होतो. आणि मौज अशीही वस्तू नाही की ती एकट्याने मिटक्या मारीत भोगावी. आपण रसवंतीवर बसून रस पितो तेव्हा चरकापाशी जो पोरगा उभा आहे, त्याची संध्याकाळ कोणती? मोबाइलवर हुकूम घेऊन भर दुपारी दारोदार माल पोचवणारा जो तरुण आहे, त्याला म्हणतात की तू स्वतःच स्वतःचा मालक. मग हा कसला मालक, की ज्याला रविवारी गाडी थांबवली तर चूल थांबते?

येथे दुकानदार बंधू म्हणतील, “आम्ही तरी कुठे सुटी घेतो? आम्ही स्वतः सकाळी आठ ते रात्री दहा गल्ल्यावर बसतो.” ते खरे आहे, आणि त्यांच्याबद्दल आम्हांला सहानुभूती आहे. परंतु त्यावर उपाय दोघांनी उपाशी राहणे हा नाही. दोघांनी जेवणे हा आहे. एका दुकानदाराने दुकान बंद ठेवले तर गिऱ्हाईक शेजारी जाते. सगळ्यांनी ठेवले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येते. हे युनियनचे साधे गणित आहे, ते व्यापाऱ्यालाही लागू पडते.

तेव्हा जाता जाता वैजापूरकरांपुढे चार लहान मागण्या ठेवतो. लोखंड्यांच्या मागण्याही लहानच होत्या.

पहिली, व्यापारी मंडळींनी चैत्र-वैशाखात दुपारी एक ते चार दुकाने एकमताने बंद ठेवावीत आणि त्या वेळात नोकराला खरोखर आडवे होऊ द्यावे, गोदाम झाडायला लावू नये. त्याच्या आठवड्याच्या सुटीचा वार ठरवून पाटीवर लिहावा.

दुसरी, ठेकेदारांनी रोज २६ ने काढावा, आणि ज्याच्या घरी कामाला जाणारा मुलगा आहे त्याने पगाराच्या चिठ्ठीवर हा भागाकार करून पाहावा. भागाकार चुकला असेल तर आमच्याकडे यावे. आम्ही त्याच कामाला आहोत.

तिसरी मागणी गावाकडे. म्हैसमाळला जायला भाडे लागते. ज्याच्याजवळ ते नाही, त्याच्यासाठी गावातच चार सावलीची झाडे, चार बाक, एक पाणपोई आणि रात्री दिवा असलेली जागा असावी, की जिथे काही विकत न घेता माणसाला कुटुंबासह बसता येईल. फुकटची संध्याकाळ भोगायलासुद्धा बसायला जागा लागते.

चौथी मागणी आम्हां पुरुषांकडे आहे, म्हणून ती सर्वांत कठीण. आठवड्यातून एक वेळ चूल आपण सांभाळावी. पिठले करपेल. करपू द्यावे. दोन-तीन आठवड्यांत जमते; आम्हांला जमले आहे. आणि सहलीला निघताना आदल्या रात्री एकदा विचारावे, ‘उद्या सुटी नेमकी कोणाकोणाची आहे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘सगळ्यांची’ असे आले तरच ती सहल.

आता बराच वेळ झाला. वारा सुटला आहे आणि आपल्यालाही घरी जाऊन गच्चीवर अंथरूण टाकायचे असेल. आज दुपारी उन्हात ज्यांनी हा मांडव घातला, सतरंज्या अंथरल्या आणि आता आपण गेल्यावर ज्यांना त्या गोळा करायच्या आहेत, ते बंधू मागे उभे आहेत. त्यांना अजून दोन तास घर नाही. निघताना आपल्या पायाखालची सतरंजी जो तो झटकून गुंडाळील, तर त्यांची संध्याकाळ थोडी लवकर सुरू होईल. आम्ही व्यासपीठावरून उतरून त्याच कामाला लागणार आहोत. आपणही हात लावावा.